कार्डात गाणी आहेत, पण प्लेअरला सापडत नाहीत: नव्यांसाठी मार्गदर्शक

कार्डात आठशे गाणी भरली आणि प्लेअर दाखवतो तीनशे बारा. एकाच गायिकेचं नाव यादीत चार ठिकाणी. पहिल्या गाण्यानंतर थेट दहावं. नवा म्युझिक प्लेअर घेतला की पहिल्या आठवड्यातल्या तक्रारी साधारण अशाच असतात, आणि त्यांतल्या बहुतेकींशी प्लेअरचा काही संबंध नसतो. दोष फाइलींत, टॅगांत (फाइलीच्या आत लिहिलेली गायक, अल्बम, टायटल अशी माहिती) नाहीतर कार्डात असतो. त्यामुळे दुरुस्तीही कंप्युटरवर बसून करायची. प्लेअरची बटणं दाबत राहून ती होत नाही.

पुढचं सगळं साध्या प्लेअरसाठी आहे: छोटा पडदा, मायक्रोएसडी कार्डाची खाच, अँड्रॉइड नाही. अँड्रॉइडवाला महागडा प्लेअर असेल तरी टॅगांचा भाग जसाच्या तसा लागू पडतो.

प्लेअर गाणी शोधतो कशी

प्लेअरमध्ये गाण्यांपर्यंत जायच्या दोन वाटा असतात. एक फोल्डरची. तिथे कार्डात जे आहे ते, फाइलींच्या नावांनी दिसतं. दुसरी आर्टिस्ट, अल्बम, जॉनर (संगीताचा प्रकार) अशा याद्यांची. या याद्या प्लेअर स्वतः बनवतो. कार्ड घातल्यावर तो प्रत्येक फाइल उघडून तिच्या पोटातला टॅग वाचतो आणि एक सूची लिहून ठेवतो. नंतर तुम्हाला दिसते ती ही सूची. म्हणून पुसलेलं गाणं यादीत राहतं आणि निवडलं की 'फाइल सापडत नाही' म्हणतं. नवं टाकलेलं गाणं यादीत येत नाही, ते याचमुळे.

तेव्हा कसलीही शंका आली तरी पहिली चाचणी हीच: गाणं फोल्डरच्या वाटेने वाजतंय का? वाजत असेल तर फाइल आणि कार्ड धड आहेत, गडबड टॅगात किंवा सूचीत आहे. सेटिंगमध्ये 'अपडेट लायब्ररी', 'रिफ्रेश' किंवा 'स्कॅन' अशा नावाचा पर्याय असतो, तो चालवा. फोल्डरमधूनही वाजत नसेल तर फाइल किंवा कार्ड तपासायला घ्या. या एका चाचणीने निम्मं काम होतं.

पायरी १: मूळ संग्रह कंप्युटरवर

कार्डातली गाणी ही नक्कल समजा. मूळ प्रती कंप्युटरवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर एका फोल्डरात ठेवा. नावं, टॅग, चित्रं यांची दुरुस्ती तिथेच करा आणि मग कार्डात उतरवा. थेट कार्डावर टॅग बदलत बसलात तर काम सावकाश होतं, आणि केबल मध्येच हलली की फाइल जाते ती जातेच.

रचना साधी ठेवा: कलाकाराचा फोल्डर, त्यात अल्बमचा फोल्डर, त्यात क्रमांकाने सुरू होणाऱ्या फाइली. यापेक्षा खोल जाऊ नका. काही प्लेअर खूप आतल्या फोल्डरांत शिरतच नाहीत. नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दोन टिंब, तारा, अवतरण, तिरक्या रेघा नकोत.

जागेचा हिशेब: १२८ केबीपीएसची (हा बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा) एमपी३ मिनिटाला साधारण १ एमबी खाते, ३२० केबीपीएसची २.४ एमबी, आणि सीडीवरून जशीच्या तशी घेतलेली वेव्ह फाइल १० एमबीच्या वर. फ्लॅक फाइल वेव्हच्या निम्म्या-पाऊण आकारात बसते आणि आवाजात काही गमावत नाही. ३२ जीबीच्या कार्डात ३२० केबीपीएसचं सुमारे २२० तासांचं संगीत मावतं. विंडोज तेच कार्ड २९.८ जीबी दाखवतं. ही फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी. कार्डवाले हजाराने मोजतात, विंडोज १०२४ ने.

पायरी २: कार्ड

स्वस्तात मिळालेलं मोठं कार्ड आधी तपासा. बनावट कार्ड आतून ८ जीबीचं असतं आणि कंप्युटरला १२८ सांगतं. कॉपी करताना काहीच बोंब होत नाही. आठ जीबी भरल्यानंतरचा माल नुसता वाया जातो किंवा आधीच्या गाण्यांवर लिहिला जातो. पहिली गाणी छान वाजतात आणि पुढची मुकी, किंवा मध्येच भलतंच गाणं सुरू होतं, हे त्याचं लक्षण. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफ३ हे फुकट प्रोग्रॅम कार्ड पूर्ण भरून, परत वाचून ताळा घेतात. ६४ जीबीचं कार्ड सेकंदाला २० एमबी वेगाने नुसतं भरायलाच पाऊण-एक तास जातो, वाचायचा वेळ वेगळा. दुकानदाराकडे परत करायची मुदत संपायच्या आत हे उरकून घ्या.

मग फॉरमॅट. फॅट३२ आणि एक्सफॅट या कार्डात फाइली मांडायच्या दोन पद्धती. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ मध्ये येतात, त्यापुढची एक्सफॅटमध्ये. 'कमाल ३२ जीबी' असं खोक्यावर छापलेल्या कित्येक प्लेअरना मोठं कार्ड चालतं, फक्त एक्सफॅट वाचता येत नाही. तेच कार्ड फॅट३२ केलं की दिसू लागतं. अर्थात याची हमी नाही, करून बघायचं. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ हा पर्याय सहसा येत नाही, तेव्हा रूफस हा फुकट प्रोग्रॅम वापरा, 'नॉन बूटेबल' निवडून. प्लेअरच्याच सेटिंगमध्ये फॉरमॅटची सोय असेल तर ती सर्वांत उत्तम. फॉरमॅटने कार्ड कोरं होतं, म्हणून पायरी १ आधी.

पायरी ३: टॅग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. विंडोजवर एमपी३टॅग, मॅक किंवा लिनक्सवर किड३ हा प्रोग्रॅम घ्या. दोन्ही टॅग दुरुस्त करायला पुरेसे आहेत. इथे एमपी३टॅग धरून सांगितलं आहे.

आधी सेटिंग. ऑप्शन्समध्ये टॅग्ज, त्यात एमपेग. लिहिण्यासाठी आयडी३ची (एमपी३मध्ये टॅग लिहायची पद्धत) आवृत्ती २.३, यूटीएफ-१६ निवडा. २.४ नवी असली तरी बऱ्याच साध्या प्लेअरना ती नीट वाचता येत नाही. जुनी पहिली आवृत्ती काढून टाकायची खूणही तिथेच करा. त्या आवृत्तीत नावाला जेमतेम ३० अक्षरांची जागा असे. पडद्यावर सगळी लांब नावं बरोबर तिसाव्या अक्षरावर तुटत असतील तर प्लेअर तोच जुना टॅग वाचतोय, हे ओळखून घ्या.

आता उदाहरण घेऊ गीतरामायणाचं. ५६ गीतं, क्रमाने कथा पुढे नेणारी. क्रम बिघडला तर सीताहरणानंतर स्वयंवर होतं. शिवाय १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ते प्रसारित झालं तेव्हा वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायलं होतं. तसा संच तुमच्याकडे असेल तर साध्या प्लेअरला गोंधळात पाडणाऱ्या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र सापडतात.

फोल्डर एमपी३टॅगमध्ये उघडा. फाइली कथेच्या क्रमाने लावा. नावांवरून लागत नसतील तर यादीत माउसने वर-खाली ओढा. इथे घाई नको, कारण पुढचा क्रमांक दिसणाऱ्या क्रमानेच पडतो. सगळ्या निवडा, कंट्रोल आणि के दाबा. क्रमांक घालणारी खिडकी येते. त्यात पुढे शून्य लावायची खूण करा म्हणजे १ ऐवजी ०१ पडेल. हे शून्य महत्त्वाचं. साधा प्लेअर आकडे हे आकडे म्हणून वाचत नाही, अक्षरं म्हणून वाचतो. त्याच्या लेखी '१०' मधला १ हा '२' च्या आधीचा, म्हणून १, १०, ११, १२ आणि मग कधीतरी २. '०२' लिहिलं की भांडण मिटतं. शंभरावर फाइली असतील तर ००१. (हे आकडे इथे मराठीत छापले आहेत, फाइलीत आणि टॅगात इंग्रजीच घाला.)

सगळ्या फाइली निवडलेल्या असताना डावीकडच्या रकान्यांत अल्बमचं नाव एकदाच भरा. ज्या रकान्यात प्रत्येक फाइलीचं वेगळं काही आहे तिथे 'कीप' असा शब्द दिसतो, त्याला हात लावू नका. आर्टिस्टमध्ये त्या त्या गीताचा गायक राहू द्या. पण 'अल्बम आर्टिस्ट' हा वेगळा रकाना आहे, तिथे सगळ्या ५६ फाइलींना एकच नाव द्या, संगीतकाराचं किंवा 'विविध कलाकार'. हा रकाना मोकळा ठेवला की प्लेअर एका अल्बमचे गायकांइतके तुकडे करतो, आणि प्रत्येक तुकड्यात दोन-तीन गाणी. शेवटी कंट्रोल-एस. हे विसरलात तर रकान्यांत भरलेलं काही लिहिलं जात नाही.

टॅग बरोबर झाले की फाइलींची नावं त्यांतूनच बनवता येतात: ऑल्ट आणि १ दाबा, नमुन्यात ट्रॅक आणि टायटल ही पदं टक्केचिन्हांत घाला, मधे एक मोकळी जागा. खाली नमुना दिसतो, तो पटला तरच ओके.

शास्त्रीय संगीताला हे रकाने मुळातच अपुरे पडतात. पाश्चात्त्य अल्बमच्या हिशेबाने ते बनले; रागाला, तालाला जागा नाही. त्यावर एक चांगली युक्ती आहे: जॉनरच्या रकान्यात रागाचं नाव घाला. 'इंडियन क्लासिकल' लिहून तसंही काही साधत नाही, तुमचा सगळाच संग्रह तसला असतो. राग घातला की प्लेअरची जॉनरची यादी रागांची यादी होते आणि सकाळी ललत, तोडी, भैरव शोधायला दोन बटणं पुरतात. टायटलमध्ये बंदिशीचे पहिले शब्द आणि ताल. नाट्यसंगीताला अल्बमच्या जागी नाटकाचं नाव द्या, कारण आपण शोधतो तेच. भावगीतांत गायक आर्टिस्टमध्ये, संगीतकार कंपोझरमध्ये. गीतकाराचा वेगळा रकाना असतो खरा, पण साधे प्लेअर तो दाखवत नाहीत. टायटलच्या शेवटी कंसात लिहिणं जास्त उपयोगाचं.

मात्र एका रागाचं एकच शुद्धलेखन ठरवा. भीमपलास आणि भीमपलासी, मालकंस आणि मालकौंस हे कानाला एकच असले तरी प्लेअरला वेगळे. रोमन लिपीत तर एकेका नावाची चार रूपं होतात: एका 'ई'साठी कोणी आय लिहितो, कोणी दोन ई. वहीत किंवा एका फाइलीत नावांची यादी करून ठेवा आणि तिथूनच चिकटवा. शेवटी राहिलेली एक मोकळी जागासुद्धा नवं नाव समजली जाते. आर्टिस्टच्या पुढे 'पं.', 'पंडित', 'उस्ताद', 'डॉ.' लावू नका. लावलंत तर निम्मा संग्रह प या एका अक्षराखाली जाऊन बसतो. टॅगातून पदवी काढण्यात अनादर काही नाही.

देवनागरी की रोमन? आधी चार गाणी देवनागरीत टॅग करून प्लेअरवर बघा. चौकोन दिसले तर प्लेअरात मराठी अक्षरं नाहीतच. प्रश्नचिन्हं दिसली तर टॅग जुन्या पद्धतीने लिहिलाय, वर सांगितलेली आवृत्ती तपासा. तिसरी तऱ्हा सर्वांत विनोदी: अक्षरं आहेत पण जोडता येत नाहीत. 'भक्ती' मधला क पाय मोडून सुटा उभा, आणि 'शिव' मधली पहिली वेलांटी श च्या अलीकडे यायची ती पलीकडे. कारण असं की संगणकात ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतरच साठवली जाते. ती डावीकडे नेऊन काढणं पडद्याचं काम, आणि स्वस्त प्लेअरला ते शिकवलेलं नसतं. यावर तुमच्या हातात उपाय नाही. रोमनमध्ये टॅग करा आणि मोकळे व्हा.

मुखपृष्ठाचं चित्र: ५०० बाय ५०० पिक्सेल, जेपेग, शे-दोनशे केबीच्या आत. चित्र कंप्युटरवर दिसतं आणि प्लेअरवर नाही, तेव्हा ते बहुधा 'प्रोग्रेसिव्ह' जेपेग असतं. गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये उघडून ती खूण काढून परत साठवा.

पायरी ४: कार्डात उतरवणं

एकेक अल्बम, क्रमाने कॉपी करा. सर्वांत साधे प्लेअर नावांची वर्णानुक्रमे जुळणीच करत नाहीत. कार्डात जी फाइल आधी लिहिली ती आधी वाजते. नावात ०१, ०२ असूनही क्रम चुकत असेल तर हेच कारण. पूर्ण फोल्डर पुसून परत कॉपी करा, किंवा विंडोजवर ड्राइव्हसॉर्ट, लिनक्सवर फॅटसॉर्ट चालवा. ते कार्डातल्या नोंदीच वर्णक्रमाने लावून देतात.

मॅकवरून कॉपी केलं की प्रत्येक गाण्याबरोबर टिंब-अधोरेषेने सुरू होणारी एक ४ केबीची भुतासारखी फाइल जाते. प्लेअर तिला गाणं समजतो, वाजवायला जातो आणि अडतो. यादीत सगळं दुप्पट दिसतंय आणि एकाआड एक गाणं वाजत नाही, तर ओळखा. टर्मिनलमध्ये डॉट_क्लीन (dot_clean) ही आज्ञा कार्डाच्या पत्त्यासह चालवली की ती जातात.

कॉपीची पट्टी संपली म्हणजे लिहिणं संपलं असं नाही. 'सेफली रिमूव्ह' किंवा 'इजेक्ट' करूनच कार्ड काढा. मग प्लेअरमध्ये सूची ताजी करा.

काय बिघडलं की काय बघायचं

स्कॅन एका आकड्यावर थांबून प्लेअर हँग होतो. एखाद्या फाइलीचा टॅग मोडलेला आहे किंवा तिच्यात भलंमोठं चित्र आहे. पॉवरचं बटण दहा ते वीस सेकंद दाबून प्लेअर रीसेट करा, नाहीतर टाचणीचं भोक असतं. मग निम्मे फोल्डर कार्डातून काढून परत स्कॅन. पुरं झालं तर दोषी काढलेल्या निम्म्यात. असं निम्मं-निम्मं करत गेलं की हजार गाण्यांतली एक फाइल दहा फेऱ्यांत हाती लागते.

काही गाणी यादीत येतच नाहीत. सूचीत किती गाणी मावतात याला प्लेअरची मर्यादा असते, ती माहितीपुस्तकात बघा. त्यापलीकडची गाणी फोल्डरमधून मात्र वाजतात.

एकच गाणं वाजत नाही. पुष्कळदा फाइलीच्या नावाचं शेपूट एमपी३ असतं आणि आत दुसराच प्रकार. नाव बदलल्याने प्रकार बदलत नाही. मीडियाइन्फो या प्रोग्रॅममध्ये उघडून खरा प्रकार बघा आणि रीतसर रूपांतर करा. २४ बिट ९६ किलोहर्ट्झचं फ्लॅक न झेपणाऱ्या प्लेअरसाठी १६ बिट ४४.१ करा. गाण्यांच्या ॲपमधून 'डाउनलोड' केलेली गाणी कुलूपबंद असतात, ती कॉपी करून उपयोग नाही.

वेळ चुकीची दिसते, पुढे सरकवलं की भलतीकडे उडी मारतं. बदलत्या बिटरेटच्या एमपी३ची सुरुवातीची नोंद हरवलेली आहे. फूबार२००० या प्रोग्रॅममध्ये 'फिक्स व्हीबीआर हेडर' हा पर्याय ती परत लिहितो. जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या लांब फाइलींत हे फार दिसतं.

विलंबित संपून द्रुत सुरू होताना क्षणभर खंड पडतो. एमपी३ बनवताना फाइलीच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते, आणि साधा प्लेअर ती वगळत नाही. अशा जोड ट्रॅकना फ्लॅक वापरा. तरीही खंड राहिला तर दोन्ही जोडून एकच फाइल करा.

एक गाणं कुजबुजतं, दुसरं कानात ओरडतं. एमपी३गेन हा प्रोग्रॅम सगळ्यांची पातळी ८९ डेसिबलला आणतो. तो दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलतो आणि आवाज परत संकुचित करत नाही, त्यामुळे दर्जा घसरत नाही. रागाच्या अल्बमला 'ट्रॅक' नव्हे, 'अल्बम' पर्याय घ्या. नाहीतर सुरुवातीचा आलाप आणि शेवटचा जलद 'झाला' एकाच जोराचे होतात.

वाद्यं ऐकू येतात, गायक मात्र गायब. फाइल खराब समजून पुसू नका. इअरफोनची पिन पुरती बसलेली नाही. दोन्ही कानांची सामाईक (ग्राउंड) तार सुटली की दोन्ही कानांतला फक्त फरक ऐकू येतो, आणि गायकाचा आवाज दोन्हींत सारखा असल्याने तो वजा होतो. प्लेअरच्या कव्हरमुळे पिन अर्ध्या मिलिमीटरने वर राहिली तरी एवढं होतं. माइकवाला इअरफोन काही प्लेअरना जमत नाही तेव्हाही हीच तऱ्हा. साधा लावून बघा.

कंप्युटरला प्लेअर दिसत नाही, चार्ज मात्र होतो. केबल नुसत्या चार्जिंगची आहे, डेटाची घ्या. उलट, टाइप-सी प्लेअर नव्या चार्जरवर चार्जच होत नसेल तर दोन्ही टोकांना सी असलेली केबल बाजूला ठेवून जुन्या चौकोनी तोंडाची वापरा. स्वस्त प्लेअरमध्ये सी-ते-सीसाठी लागणारे दोन छोटे रेझिस्टर बसवलेलेच नसतात.

गाणी पुसली, कार्ड काढून परत घातलं, आणि पुसलेली गाणी हजर. नवी टाकलेली नाहीशी. फॉरमॅट केलं तरी जैसे थे. हे कार्ड आपलं आयुष्य संपल्यावर फक्त वाचू देण्याच्या अवस्थेत गेलं आहे. त्याच्यावर कुठलाही प्रोग्रॅम चालवत बसू नका. नवं कार्ड आणा, तपासा, फॅट३२ करा, कंप्युटरवरचा मूळ फोल्डर त्यात ओढा. २० जीबीला साधारण सतरा-अठरा मिनिटं लागतील.